खांड गेली तेव्हा देव कुठे होता?

धरमतरच्या खाडीला उधाण येतं ते पंचांग बघून. अमावस्या-पौर्णिमेला आणि पुढचे दोन-तीन दिवस पाणी चढतं, अष्टमीच्या सुमारास मवाळतं. या मवाळ दिवसांना भांग म्हणतात. पावसाळ्यात वरून अंबा नदी डोंगराचं पाणी घेऊन येते, खालून रेवसच्या मुखातून समुद्र आत शिरतो आणि पेण-अलिबागच्या मधल्या सपाट खारेपाटात दोघांची गाठ पडते. तिथली भातशेती मातीच्या बांधांच्या आधारावर आहे. खाडीकडच्या मोठ्या बांधाला बाहेरकाठा म्हणतात, आणि तो फुटला की ‘खांड गेली’ म्हणतात. आषाढ अमावस्येच्या उधाणात माझ्या मामेसासऱ्यांच्या शिवारात खांड गेली. लावणी नुकती आटोपली होती.

खारं पाणी आत आलं की त्या वर्षाचं भात तर जातंच, शिवाय मिठाने मारलेली जमीन पुन्हा पिकती व्हायला दोन-तीन पावसाळे लागतात. मामा जुने माळकरी. त्या संध्याकाळी त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ काढून देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला अडकवली, जेवायला बसले आणि मामींनी वाढलेलं ताट भिरकावलं. हे कानावर आलं म्हणून माझी बायको, म्हणजे त्यांची भाची, श्रावणातल्या भांगेत त्यांना भेटायला गेली. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिच्यामागून मी. पडवीत जे बोलणं झालं ते जमेल तसं मांडतो. अधूनमधून माझी भर आहे, ती ओळखू येईल.

भाची : मामा, माळ का काढलीस?

मामा : काचत होती.

भाची : इतकी वर्षं नाही काचली ती?

मामा : इतकी वर्षं मी वाकत होतो, बाय. वाकलेल्या मानेला माळ काचत नाही.

भाची : विठोबाने काय केलं तुझं?

मामा : काही केलं नाही, हीच तक्रार आहे. नवस कधी बोललो नाही. पोरगा पास होऊ दे, म्हैस नीट विऊ दे, असलं काही मागितलं नाही. एवढंच म्हणायचो, बाहेरकाठा सांभाळ. तेवढंही झालं नाही त्याच्याच्याने.

भाची : बाहेरकाठा सांभाळणं विठोबाचं काम होतं?

मामा : मग कुणाचं? अर्ज दिले. उन्हाळ्यात दिला, पावसाच्या तोंडावर पुन्हा दिला. बांध खचलाय, खेकड्यांनी पोखरलाय, मोठ्या बार्जेस जातात-येतात त्यांच्या लाटा आपटतात, सगळं लिहिलं. कचेरीतला माणूस म्हणाला, निसर्गापुढे कुणाचं काय चालणार? देवळात गेलो तर महाराज म्हणाले, प्रारब्ध. दोघांचं उत्तर एकच. एकाने पँट घातली होती आणि एकाने धोतर, फरक तेवढाच.

कचेरी कुठली आणि महाराज कोण, हे इथे महत्त्वाचं नाही. पण मामांचं हे वाक्य मला त्या दिवसातलं सगळ्यांत खरं वाटलं. ‘निसर्ग’ आणि ‘प्रारब्ध’ हे शब्द संकटात सापडलेल्या माणसाला धीर देण्यासाठी जितके वापरले जातात, त्याहून जास्त त्याला दारातून वाटेला लावण्यासाठी वापरले जातात. माझ्या बायकोलाही ते पटलं असावं, कारण तिने देवाचा विषय सोडला आणि पर्समधून रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं. वरचा आकडा 180 च्या पुढे होता.

भाची : हे बघ. रागाचा झटका आला की पुढचे दोन तास हार्ट अटॅकचा धोका वाढलेला असतो. हे काही मी मनचं सांगत नाही, अभ्यास झालेत यावर.

मामा : म्हणजे माळ आता बीपीसाठी घालू? रोज सकाळी गोळीबरोबर?

भाची : थट्टा नको करू. माळ राहू दे खुंटीला, गोळी घे. देवाचं नंतर बघू.

मामा : असं बोल. माणसासारखं बोललीस.

पण ती स्वस्थ बसणाऱ्यातली नाही. चहा होईपर्यंत तिने विनोबांना मधे आणलं. विनोबांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, 1895 चा. लहानपणी मामांनीच तिच्याकडून गीताईतला स्थितप्रज्ञाचा भाग पाठ करून घेतला होता. रागाने भान सुटतं, भानाबरोबर आठवण जाते आणि शेवटी बुद्धी, ही सगळी उतरंड तिने त्यांचीच त्यांना म्हणून दाखवली.

मामा : गागोदं डोंगराकडे आहे. तिथे उधाण चढत नाही.

टोला झकास होता, पण विनोबांवर अन्याय करणारा. गीतेवरची प्रवचनं त्यांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. तुरुंगात बसून चित्ताच्या शांतीबद्दल बोलणाऱ्याला ‘तुला काय कळतंय’ असं म्हणता येत नाही. मी हे बोलून दाखवलं तर मामा म्हणाले, “तुरुंगात लावणी केलेली नसते, जावईबापू.” मी चहा प्यालो.

भाची : बरं, विनोबा नकोत. तुकोबा घे. 1630 च्या आसपासचा तो दुष्काळ. पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकान बसलं. त्यांच्याइतकं तर तुझं गेलं नाही ना?

मामा : दुःखाची मापं काढू नकोस. आणि तुकोबा गप्प बसले होते का? विठोबाला काय काय बोलले ते गाथेत आहे. मी आयुष्यभर गायलंय ते. तुला वाचायलाही लाज वाटेल.

भाची : तेच म्हणते मी. ते भांडले. समोर उभं राहून, तोंडावर बोलले. तू भांडतोस कुठे? तू विठोबाशी अबोला धरलास आणि ताट मामीवर टाकलंस.

पडवीत मिनिटभर कुणी बोललं नाही. आत भांड्यांचा आवाज चालला होता, तोही थांबला.

भांडणाऱ्या भक्ताचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट मधेच सांगून टाकतो. आपल्या रायगडाला ती परकी नाही. अलिबागजवळच्या नवगावला फार पूर्वी जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या काही जोडप्यांपासून आपला समाज वाढला, असं बेने इस्राएल मानतात. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून कोकणात ते ‘शनिवार तेली’. त्यांच्या धर्मग्रंथात ईयोबाची कथा आहे. सज्जन माणूस, मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले. मित्र समाचाराला आले आणि त्यालाच समजावू लागले : देव न्यायी आहे, तुझंच काही चुकलं असेल. ईयोब मात्र देवालाच जाब विचारत राहिला. शेवटी देव बोलतो तेव्हा ईयोबालाही चार शब्द सुनावतो खरा, पण रागावतो तो मित्रांवर. माझ्याबद्दल खरं बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे, असा त्याचा निकाल. देवाची वकिली करणाऱ्यांवर देवच उखडतो, असा प्रसंग मला दुसरीकडे फारसा आढळलेला नाही. मामांना ही कथा सांगितली. त्यांना ती इतकी आवडली की ती आपल्या गाथेत कशी नाही, याचंच त्यांना आश्चर्य वाटलं.

मामा : मग आता मीही विचारतो. 1947 साली रामदास बोट बुडाली तेव्हा देव कुठे होता?

हा प्रश्न खाडीकाठी नवा नाही. 17 जुलै 1947, गटारी अमावस्येचा दिवस. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी आठच्या सुमाराला सुटलेली रामदास बोट रेवसला यायला निघाली होती, म्हणजे याच खाडीच्या तोंडाशी. घरी सणाला येणारी चाकरमानी माणसं खचाखच भरलेली. वादळी वाऱ्यात बोट कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं होतं. त्याआधी 1927 मध्ये ‘तुकाराम’ नावाची बोटही बुडाली होती. संतांची नावं दिलेल्या दोन बोटी वीस वर्षांच्या अंतराने तळाला गेल्या.

भाची : रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईकडे निघाले होते. समोर माणसं बुडताना बघून त्यांनी टोपल्याच्या टोपल्या समुद्रात रिकाम्या केल्या आणि माणसं होडीत घेतली. असंच सांगतात ना तुमच्याकडे?

मामा : सांगतात. खरं आहे ते.

भाची : मग देव तिथे होता असं का नाही म्हणायचं?

मामा : म्हणजे वाचले त्यांचा देव ड्युटीवर आणि बुडाले त्यांचा रजेवर? बाय, हे तू दवाखान्यात कुणाला सांगतेस का?

ती लगेच बोलली नाही. मग जे बोलली ते मला इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती.

भाची : नाही सांगत. मूल दगावलं की आईला ‘देवाची इच्छा’ असं मी कधीही म्हणत नाही. तिला बसायला खुर्ची देते, पाणी देते, कुठल्या कागदावर सही करायची ते दाखवते. ती ओरडली, मला बोलली, तर ऐकून घेते. रात्री घरी आले की देवाला विचारते. उत्तर येत नाही. सकाळी पुन्हा ड्युटीला जाते.

मामा : मग विश्वास विश्वास म्हणतेस तो कशाला?

भाची : सकाळी जाते ना, त्याला.

मामांनी यावर मान हलवली. होकाराची होती की नकाराची, ते कळलं नाही. मग त्यांनी बाजू बदलली. त्यांचं म्हणणं असं की विश्वासाने खारेपाटाला काहीएक दिलेलं नाही, जे मिळालं ते रागाने मिळालं. पुरावा म्हणून त्यांनी चरीचा संप काढला, आणि इथे मला ऐकत बसण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. धरमतरचा पूल ओलांडला की पोयनाड, तिथून चरी जवळच.

मामा : 27 ऑक्टोबर 1933. नारायण नागू पाटील, आपले आप्पासाहेब. 25 गावांतली कुळं एकत्र आली आणि म्हणाली, खोतांची जमीन कसायची नाही. पिकवायचं आम्ही आणि रास जायची खोताच्या घरात, हे बस झालं. सहा वर्षं जमिनी ओस टाकल्या. लाकूडफाटा विकला, मिळेल ती मजुरी केली, अर्धपोटी राहिले, पण नांगर धरला नाही. बाबासाहेब आंबेडकर 1934 ला चरीला येऊन गेले. 1939 ला सरकारला कुळांकडे बघावं लागलं. हे काय टाळ कुटून झालं?

भाची : सहा वर्षं राग टिकतो, मामा?

मामा : म्हणजे?

भाची : तुझा किती टिकतो? आज ताट, उद्या गप्प, परवा बीपी. सहा वर्षं उपाशी राहायला नुसता राग पुरत नाही. शेजारचा रात्रीतून जाऊन खोताचं शेत धरणार नाही, याची खात्री लागते. ती खात्री कुठून आली?

मामा : माणसांवरची होती ती. देवावरची नव्हे.

भाची : चालेल मला. पण रागाने आपटाआपट नाही केली त्यांनी, एवढं तर मान. सभा घेतल्या, ठराव केले. 2008 ला एसईझेडला जमिनी द्यायच्या की नाही, यावर आपल्याच तालुक्यातल्या हेटवणेच्या लाभक्षेत्रातल्या गावांनी सप्टेंबरमध्ये रांगा लावून मत दिलं, तेव्हा तू काय केलंस?

मामा : सकाळी सातला रांगेत पहिला उभा होतो.

भाची : त्या दिवशी राग नव्हता?

मामा : होता की. खिशात घालून नेला होता.

आता माझं मत. चरीत देव होता की नव्हता, या वादात दोघांनीही उगाच वेळ घालवला. तिथे कामाला आली ती रागाला लागलेली शिस्त. ती कुणाला नामस्मरणातून मिळते, कुणाला सभेतून, कुणाला शेजाऱ्याच्या शब्दातून. भाचीचा मुद्दा बरोबर होता. पण मामांच्या एका गोष्टीला तिने शेवटपर्यंत हात घातला नाही. विश्वास ठेवायला सांगणारे बहुतेक वेळा ज्याचं नुकसान झालेलं नाही असेच असतात. मामांनी रोह्याचं उदाहरण दिलं : तिथे धावीरमहाराजांच्या पालखीला पोलीस मानवंदना देतात. म्हणाले, “आमच्या बाहेरकाठ्याला दिली असती तर तोही देव झाला असता.” याला उत्तर काय देणार?

मग बोलणं खांडीवर आलं, आणि मला वाटतं खरी चर्चा तिथे सुरू झाली. खांड भांगेतच बांधता येते. पाणी कमी चढतं तेवढ्या चार-पाच दिवसांत, तेही ओहोटीच्या वेळेला. आधी दोन्ही बाजूंना बांबू नाहीतर लाकडाच्या मेखा ठोकतात, मधे पेंढा आणि झाडाचा पाला दाबतात, मग चिखलाची मोठमोठी ढेकळं फावड्याने कापून माणसांची रांग लावून हातोहात पुढे देतात. शेवटचा तोंडाशी उभा असतो, गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत पाण्यात, आणि आलेलं ढेकूळ पायाने तुडवून बसवतो. भरतीचं पाणी परत येण्याआधी काम पाण्याच्या वर यावं लागतं, नाहीतर दिवसाची मेहनत वाहून जाते. भांग हुकली तर पुढच्या उधाणात खांड दुप्पट रुंद होते. पूर्वी गावाची जोळ असायची, प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या वाट्याचा बांध राखायचा आणि खांड गेली की सगळ्यांनी जायचं. बंदिस्ती सरकारकडे गेल्यापासून जोळ ढिली पडली, असं मामांचं म्हणणं.

भाची : भांग किती दिवस आहे अजून?

मामा : परवापर्यंत.

भाची : आणि तू तीन दिवस पडवीत बसून विठोबाशी अबोला धरून आहेस.

मामा : माणसं येत नाहीत. सगळ्यांचीच डोकी फिरलीत. कोण म्हणतो सरकार बांधील, कोण म्हणतो शेती गेली खड्ड्यात, कंपनीला विकून मोकळा होतो.

भाची : तू बोलावलंस का?

मामा : नाही.

भाची : जा बोलाव. नामस्मरण करत बांध नाहीतर शिव्या देत बांध, खाडीला सारखंच.

मामा : शिव्या देतच बांधणार. आधीच सांगून ठेवतो.

भाची : दे. विठोबाला सवय आहे.

इतक्यात मामी बाहेर आल्या. सगळं ऐकलेलं होतं त्यांनी. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, “दोघं दोन तास बोलताय. याचा देव आणि याचा राग, दोन्ही मीच जेवायला घालते. मला कुणी विचारलं का?”

कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. जमीन त्यांच्याही नावावर असायला हवी होती, रोपं त्यांनीही लावली होती, आणि खारं पाणी आलं तेव्हा भिजलेल्या भाताच्या कणग्या कुणी उचलल्या हे मला पुढे चौकशी केल्यावर कळलं. मामा त्यांच्याकडे न बघता म्हणाले, “ताट चेपलं का गं?”

“स्टीलचं आहे,” मामी म्हणाल्या. “मला लागलं असतं तर?”

मामांनी उत्तर दिलं नाही. टोपी घातली आणि माणसं बोलवायला वाडीत गेले. माळ घातली नाही. दुसऱ्या दिवशी ओहोटीला एकोणीस माणसं आली, खांडीचा निम्मा भाग बांधून झाला. उरलेला पुढच्या भांगेत, तोवर उधाणाने किती उकरलं त्यावर अवलंबून. अर्जाची पोच आणि पंचनाम्याची प्रत मिळवायचं काम मी अंगावर घेतलं आहे. पडवीत चहा पिण्यापलीकडे जावयाला जमण्यासारखं ते एवढंच होतं.

मामींशी माझी बायको आत बराच वेळ बोलत होती. ताट पहिल्यांदा उडालेलं नव्हतं, हे तिला तिथे समजलं. निघताना तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी-उधाणाच्या खुणांशेजारी पेनाने एक नंबर लिहून ठेवला : 14416. टेली-मानस, केंद्र सरकारची सेवा, 2022 पासून चालू आहे. फोन मोफत, रात्रंदिवस, मराठीतून बोलता येतं. पीक गेलेल्या, घर बुडालेल्या, कर्जात अडकलेल्या माणसाच्या घरात हा नंबर असू द्या. ज्याला राग आलेला आहे तो स्वतः बहुधा लावणार नाही. त्याच्यासाठी घरातलं कुणीही लावलं तरी चालतं, आणि त्याचा राग झेलणारीने स्वतःसाठी लावला तरी चालतो.